पाडसाच्या पायातला दोरा

आमच्या गावाने हरणं राखायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात कडक नियम मी लावून घेतला होता. हरणीने पिकात लपवलेल्या पाडसाला कुणी हात लावायचा नाही. लावला, तर त्या घराला वर्षभर पाहुण्यांच्या जेवणाची पाळी नाही. पाहुणे म्हणजे गायरानावरची काळविटं बघायला शहरातून येणारे लोक. गावातल्या बाया त्यांना पाळीपाळीने जेवू घालतात, त्याचे पैसे मिळतात. पूर्वी आम्ही हीच हरणं गोफणीने हाकलायचो. आता गायरानालगतचे शेतकरी ज्वारीच्या कडेच्या चार ओळी त्यांच्यासाठी सोडतात. त्या ओळींवरून भावाभावांत झालेली भांडणं मी मिटवली आहेत, कारण हरणं राखायच्या समितीची दुर्बीण आणि गावातली सगळ्यात तिखट जीभ, दोन्ही माझ्याकडे.

आणि नियम मोडला तो माझ्याच सासूने.

भर दुपारी आत्याबाई पदराखाली काहीतरी धरून शेतातून आल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या. भाकरतुकडा आण म्हणाल्या. बाळंतीण लेकरू घेऊन घरी आली की ओवाळून टाकतात तसा. मला वाटलं, कुणाचं तरी लेकरू असेल. पदर सारला तर आत पाडस. डोळे टक्क उघडे, बरगड्या धडधड उडत होत्या. मागच्या पायात काळा दोरा. दृष्ट लागू नये म्हणून स्वतःच्या गळ्यातला तोडून वाटेतच बांधलेला.

"ज्वारीत एकलंच पडल्तं गं," त्या म्हणाल्या. "हलंना का वरडंना. आई टाकून गेली आसंल."

पाडस हलत नाही म्हणूनच जगतं, आई लांब चरते आणि पाजायला परत येते, हे मी मंदिरासमोर तीनदा गावाला समजावलं होतं. घरात सांगायचं राहिलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. माणसाचा वास लागला म्हणून हरणीने जवळच केलं नाही तर? आत्याबाईंना मी नको ते बोलले. त्यांनी नुसतं पाडस घट्ट धरलं.

आम्ही दोघी तशाच मागे फिरलो. ओल्या गवताने त्याचं अंग चोळलं, होतं त्या जागी ठेवलं आणि लांब बांधाआड बसलो. दिवस कलेपर्यंत मी नखं खात होते. शेवटी हरणी आली. तीनदा बुजून मागे गेली. चौथ्यांदा तिने पिल्लाला हुंगलं, आणि ते उठून तिला लुचायला लागलं. आत्याबाई रडत होत्या. मीही रडले, पण घरी येताना त्यांना बजावलं, हे कुणाला सांगायचं नाही.

भाकरी थापता थापता एकदम आठवलं. दोरा! तो पायातच राहिला होता. पाडसाचा पाय रोज वाढणार आणि दोरा तेवढाच राहणार.

पुढचे आठ दिवस मी दुर्बीण कुणाच्या हातात द्यायचं टाळत होते. पण केदारखेड्याच्या रस्त्याने पाहुण्यांची जीप आली आणि द्यावीच लागली. त्यांच्यातल्या एका बाईंनी बराच वेळ बघून मला कौतुकाने विचारलं, पाडसाला काळा दोरा बांधायची तुमच्याकडे पद्धत आहे का? समितीची चार माणसं तिथेच होती. गेल्या साली याच नियमाखाली जिची पाळी मी काढून घेतली होती, ती शेजारीणही होती. तिने माझ्याकडे बघितलं.

"दोरा आमच्या घरचा हाये," मी म्हणाले. "आन् लपवला मी."

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. आमची पाळी वर्षभर बंद झाली, आणि तो ठराव मीच माझ्या हाताने लिहिला. वनरक्षकाला बोलावलं. तो म्हणाला, पकडायला गेलो तर एवढं पिल्लू भीतीनेच मरायचं. सुती दोरा आहे, कुजून तुटेल. पाय सुजला तरच हात घालू. तोवर रोज लक्ष ठेवा.

तेव्हापासून आम्ही दोघी रोज सकाळी बांधावर येतो. आत्याबाईंना दुर्बिणीतून नीट दिसत नाही, म्हणून मी बघते आणि सांगते. पाडस आता चांगलं उड्या मारतं. दोरा अजून आहे.

"लेकराला बांधतो तसा बांधल्ता," आज त्या म्हणाल्या. "दोन बोटं जातील एवढा सैल." मग स्वतःच्या दोन बोटांकडे बघत बसल्या. थोड्या वेळाने त्यातलं एक बोट त्यांनी मिटून घेतलं.

"आता एक तरी जात आसंल का गं?"

मी दुर्बीण डोळ्यांवरून न काढता त्या पायाला सूज दिसते का ते बघत राहिले.