सातवा ठोका डाव्या हाताचा

जगातल्या यच्चयावत ड्रम वाजवणाऱ्यांवर झालेला अन्याय एकट्याच्या डोक्यावर घेऊन हिंडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा धाकटा भाऊ निघाला. इतरांचे मेहुणे नोकरी बघा, स्थळ बघा म्हणून मागे लागतात. माझा मेहुणा वीस वर्षं माझ्यामागे लागला होता तो मी सात मोजायला शिकावं म्हणून. मी मुरबाडला शाळेत गणित शिकवायचो. पाढे, अपूर्णांक, त्रैराशिक सगळं शिकवलं. पण मेहुण्याच्या मते मला सातपर्यंत मोजता येत नव्हतं, आणि हे मत तो माझ्या विद्यार्थ्यांसमोरही खुशाल सांगायचा. मी त्याला कंटाळलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढे प्रेमाचं काही आढळलं तर ते त्या कंटाळ्यासकट वाचावं.

माझी सासुरवाडी धसईच्या पुढे. घरची थोडी भातशेती, आणि लग्नसराईत मेहुणा एका बँजो पार्टीत ड्रम वाजवायचा. पुढे झकपक शर्टातला बँजोवाला मास्तर, त्याच्या बाजूला गाणारा, आणि सगळ्यांच्या मागे गळ्यात ड्रम अडकवून आमचे हे. पार्टीच्या बोर्डावर मास्तरचं नाव मोठ्या अक्षरात, गाणाऱ्याचं मध्यम अक्षरात आणि मग ‘आणि साथीदार’. या साथीदारांत आपण आहोत याचं त्याला पहिली काही वर्षं काहीच वाटत नव्हतं. मग कॅसेटी आल्या.

नव्वद सालानंतर कधीतरी तो ड्रमचं पान बदलायला कल्याणला गेला आणि दुकानदाराने अडगळीतून काढलेला कॅसेटींचा खोका घेऊन परतला. बोटीवर काम करणाऱ्या कुणाच्या तरी घरातून निघालेला माल. वरून पाणी गळून चिठ्ठ्यांचा लगदा झालेला, त्यामुळे अकरा कॅसेटींपैकी एकीवरही नाव नाही. आत विलायती गाणी. एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं. त्यात गाणारा चार ओळी म्हणून जेवायला गेल्यासारखा गायब व्हायचा, गिटारी विव्हळत राहायच्या, पेटीसारखं काहीतरी रानात चुकल्यासारखं भटकायचं, आणि या सगळ्याच्या मागे एक माणूस शांतपणे असं वाजवत असायचा की आपण पाय टाकावा आणि पायरीच नसावी. माझ्या बायकोने पाच मिनिटं ऐकलं आणि “भाताला कढ आला” म्हणून आत गेली. मेहुण्याने तो खोका चार महिने ऐकला. मग एका रविवारी जीप पकडून मुरबाडला आला आणि चपला काढायच्या आधीच म्हणाला, “दाजी, गानारा सगळ्यांना दिसतो. गिटारवाला दिसतो. ह्यो मागं बसलाय, त्याचं नाव कोन घेतो का? नाय घेत.”

मी म्हटलं, “नाव तर तुलाही ठाऊक नाही.”

“तेच तर सांगतो,” तो म्हणाला.

नावं नव्हती म्हणून त्याने ठेवली. अकरा कॅसेटींत त्याला चार वादक सापडले. एक सुतार, कारण त्याच्या ठोक्यांचे सांधे दिसत नाहीत. एक झोडप्या, मळणीला उभा केल्यासारखा. एक डावरा. मी विचारलं, ऐकून डावरा कसा कळतो? त्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी गणितात तरी पास कसा झालो असेन. आणि चौथा आळशी. आळशी प्रत्येक ठोका केसभर उशिरा द्यायचा आणि मेहुण्याच्या मते जगात त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. या चौघांची तो घरच्या माणसांसारखी काळजी करायचा. सुताराचा उजवा गुडघा दुखतोय, निळा दोरा बांधून खूण केलेल्या कॅसेटीत पायाचा ड्रम हलका पडतोय, असं तो एकदा जेवताना म्हणाला. आळशाचा बाप नुकताच गेला असावा, असंही एकदा म्हणाला. “कशावरून?” “झांजेला हात हळू लावतो. तुमी ऐका तरी.” धसईच्या बाजारात न्हाव्याच्या खुर्चीत बसून तो डावऱ्याची बाजू इतक्या पोटतिडकीने मांडायचा की न्हाव्याला बरेच दिवस डावरा म्हणजे कुणीतरी पडलेला सरपंच वाटत होता.

वाजवायला त्याला काहीही चालायचं. जीपचं बॉनेट, एसटीच्या सीटचा दांडा, झोपलेल्या म्हशीची पाठ. आमच्याकडे जेवायला बसला की ताट-वाटीवर असं काही सुरू व्हायचं की आमटी पाटावर. शेवटी बायकोने त्याला पत्रावळीवर वाढायला सुरुवात केली. पत्रावळ वाजत नाही. “ताई माजा मान ठेवते,” असं तो गावात सांगायचा, आणि आम्ही दोघांनी त्याचा गैरसमज कधी दूर केला नाही.

त्या कॅसेटींतला त्याचा सगळ्यात लाडका ताल सात ठोक्यांचा. गावातल्या भजनीबुवांनी त्याला समजावलं की बाबा, आपला रूपक सातच मात्रांचा असतो, त्यात नवल ते काय. मेहुणा म्हणाला, “रूपक बसून ऐकायचा, बुवा. ह्यो चालताना ऐकायचा.” आणि चालायची जागाही त्याच्याकडे तयार होती. सासुरवाडीच्या घरापासून रस्त्याकडे जाताना ओढा लागतो, त्यात पाय ठेवायला सात दगड. दोन जवळ, मग दोन, मग तीन. शेवटचा लहान, डावीकडे सरकलेला आणि शेवाळलेला. मेहुणा मला तिथे नेऊन शिकवायचा. उजवा, डावा. उजवा, डावा. उजवा, उजवा, डावा. ड्रमवर हेच हातांनी: दुसरा, चौथा आणि सातवा ठोका डाव्या हाताचा. आणि सगळी गंमत त्या सातव्यात. तो यायच्या आधी क्षणभर थांबायचं, घाई करायची नाही. मी दरवेळी घाई केली. माझ्या किती चपला त्या ओढ्यातून वाहत गेल्या, ते सासूबाईंना पाठ होतं.

हे सगळं घरापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण खर्डीकडच्या एका गावात लग्न होतं. दुपारी नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला, आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणे मामाने भाच्याला खांद्यावर घेऊन नाचायला सुरुवात केली. मामा पैलवानी अंगाचा. मेहुण्याने निम्म्या वाटेपर्यंत सगळे वाजवतात तसंच वाजवलं आणि मग आठातला एक ठोका हळूच काढून घेतला. त्याचं म्हणणं, तालाच्या पहिल्या दहा फेऱ्या कुणाला कळलंच नाही. “दहा फेऱ्या आख्खा गाव सातात नाचला, दाजी. देवाशपथ.” अकराव्या फेरीला मामाने आठव्या ठोक्यासाठी पाय उचलला, ठोका आला नाही, आणि मामा नवरदेवासकट बांधावरून शेणखताच्या ढिगात गेला. मुंडावळ्या नवरदेवाच्या गळ्यात आल्या. सगळे धावले. मेहुणा मात्र वाजवत राहिला, कारण आवर्तन अर्ध्यात सोडायचं नसतं.

मास्तरने त्याच्या गळ्यातला ड्रम तिथल्या तिथे उतरवला आणि हातात झांज दिली. पुढची दोन वर्षं तो झांजच वाजवत होता. मग त्याच मारुतीसमोर यापुढे सरळच वाजवीन अशी शपथ घेतली, तेव्हा ड्रम परत मिळाला. शपथ त्याने पाळली. भरलेल्या गाड्याला जुंपलेला बैल चालतो तसा तो वर्षानुवर्षं सरळ वाजवत गेला. बोलणं कमी झालं. फक्त आमच्याकडे आला की सुतार कसा आहे, आळशी काय म्हणतो, हे मला सांगायचा, आणि मी वह्या तपासत ‘हूं, हूं’ करायचो.

दोन हजार सालानंतर माझ्या मुलीचं लग्न झालं. पार्टी अर्थात मेहुण्याचीच. आदल्या दिवशी मांडवात तो माझ्याजवळ आला आणि नवरीच्या बापाशी बोलावं तसं, जरा लांब उभं राहून म्हणाला, “दाजी, एक मागू? पंगत बसल ना, तवा कोनी नाचत नसतं. कोनी पडायचं नाय. पाचच मिनिटं माजं वाजवतो. मारुतीला मी कालच विचारून आलोय.”

व्याही भिवंडीकडचे, मोठं घर. माझ्या डोळ्यांसमोर तो शेणखताचा ढीग आला. मी म्हटलं, “आज नको रे. आठ दिवसांनी घरी ये. मी बसून पूर्ण ऐकतो. शब्द देतो.”

“बरं,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सबंध लग्न त्याने सरळ वाजवलं. एक ठोका इकडचा तिकडे नाही. व्याही मला म्हणाले, “ड्रमवाला चांगला आहे हो, वाजतोय असं जाणवतसुद्धा नाही.” मी मूर्खासारखी ही शाबासकी मेहुण्यापर्यंत पोहोचवली. तो हसला आणि ताशेवाल्याला सुपारी मागायला गेला.

आठ दिवसांनी तो खरोखर आला. गळ्यात ड्रम, पिशवीत टेपरेकॉर्डर. माझ्यापुढे शंभर पेपर तपासायचे पडले होते. मी म्हटलं, पुढच्या रविवारी. त्याने चहा घेतला, ताईशी दोन शब्द बोलला आणि तो सबंध पसारा पुन्हा जीपमध्ये चढवला. पुढचा रविवार मी त्याच्याकडे मागितला नाही आणि त्याने दिला नाही. काम काही एवढं नव्हतं. मी कंटाळलो होतो, बस्स. ही गोष्ट मला आजही चारचौघांत सांगता येत नाही.

मग लग्नांत डीजे आला. मास्तरने एक पॅड घेतलं, बोटाने दाबलं की सगळे ड्रम त्यातून निघायचे. आणि वर्षभरात मास्तरही घरी बसला. मेहुणा भाताकडे लागला. त्यानंतर दोन पावसाळ्यांनी, बांधावर उभा असताना, त्याची डावी बाजू गेली. कल्याणच्या दवाखान्यात महिना काढला. पाय पुष्कळसा परतला, वाचा शाबूत राहिली. डावा हात मात्र आलाच नाही. ड्रम त्याने गावच्या शाळेला प्रभातफेरीसाठी देऊन टाकला.

आता तो मालिशीसाठी आठवड्यातून एकदा मुरबाडला येतो आणि परतीची जीप भरेपर्यंत आमच्या पडवीत बसतो. बायको त्याला हल्ली पितळी वाट्यांत वाढते. तो वाजवत नाही. परवा मात्र जेवण झाल्यावर आम्ही दोघे बाकावर बसलो होतो, मी पेपर वाचत होतो, आणि त्याचा उजवा हात बाकावर पडू लागला. एक ठोका, मग जागा रिकामी. एक ठोका, मग रिकामी. मग दोन ठोके आणि पुन्हा रिकामी जागा. तो समोर रस्त्याकडे बघत होता. मला कळायला चार-पाच फेऱ्या लागल्या की रिकाम्या जागा डाव्या हाताच्या आहेत.

माझा पेपर कधी खाली गेला कोण जाणे. मी माझा डावा हात बाकावर ठेवला. दुसरा ठोका दिला. चौथा दिला. वीस वर्षं हूं-हूं करत काढली, तरी तो ताल कानात कुठेतरी जाऊन बसला होता. सातवाही दिला. तो थांबला नाही, माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. आतून भांडी घासायचा आवाज बंद झाला. आम्ही बऱ्याच फेऱ्या घेतल्या.

मग तो रस्त्याकडे बघतच म्हणाला, “दाजी, सातव्याला घाई करता.”

“पुन्हा घे,” मी म्हटलं.

जीपवाल्याने हॉर्न दिला. त्याने पुन्हा घेतलं.