जगतापकाका आणि दसऱ्याची गाडी

"तुझी स्कूटर डावीकडे ओढते का रे?"

जगतापकाकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. ना नाव, ना गाव. मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत ते नुकतेच राहायला आले होते आणि ओट्यावर बसून माझ्या बुटांकडे बघत होते. माझ्या बुटांच्या झिजलेल्या टाचांवरून त्यांनी काहीतरी गणित मांडलं होतं. मी हसून घरात गेलो. दुसऱ्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर हँडलची पकड जरा सैल करून पाहिली, तर स्कूटर खरंच डावीकडे चालली होती.

काका प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. दुरुस्त झालेला डबा तपासून पास करायचा, हे त्यांचं काम. पणजोबा गायकवाडी फौजेत होते, त्याची खूण म्हणून काकांकडे फक्त मिशा उरल्या होत्या. कुठलीही वस्तू ते खालून बघायला सुरुवात करत. "वरून रंगारी बोलतो, खालून फिटर बोलतो," असं त्यांचं म्हणणं. आईचा मिक्सर बिघडला तेव्हाही त्यांनी तो आधी उलटा केला आणि मगच काय झालं ते विचारलं.

एकदा सिटी बसमध्ये त्यांचं पाकीट मारलं गेलं. दुसरा कोणी असता तर चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. काका मात्र आठवडाभर माझा शर्ट हँगरला लावून, डोळे मिटून, दोन बोटांनी खिशाचं बटण काढायचा सराव करत होते. "बटण होतं रे सुहास! कसं केलं असेल?" बटण निघालं त्या दिवशी त्यांनी आम्हाला जिलेबी खाऊ घातली.

नव्या मोटारी बाजारात येऊ लागल्याचे ते दिवस. मी वाघोडियाच्या एका कारखान्यात होतो. आईचे गुडघे इतके बिघडले होते की स्कूटरवर बसणं तिला अशक्य झालं होतं, आणि रिक्षात चढताना तिचा जीव जायचा. पाच महिने ती सोसायटीच्या फाटकाबाहेर पडली नव्हती. म्हणून मोटार घ्यायची ठरली, आणि ती दसऱ्यालाच घरी आणायची असा आईचा हट्ट होता. शोरूममध्येच पूजा करायची, लिंबावरून चाक न्यायचं आणि देवळातून घरी यायचं, असा बेत होता. मी काकांनाही बरोबर घेतलं.

"पूजा नंतर. मी आधी खाली जातो," काका शोरूममध्ये शिरताच म्हणाले.

"मुहूर्त निघून जाईल काका," मी म्हटलं.

"एकदा कुंकू लागलं की तू गाडी परत देशील? अपशकुन म्हणून तुझी आईच देऊ देणार नाही. ह्या लोकांना पंचांग आपल्यापेक्षा बराबर पाठ असतं, भाई."

असं म्हणून धुतलेला पांढरा लेंगा घातलेला हा माणूस मोटारीखाली आडवा झाला. आजूबाजूची नटूनथटून आलेली माणसं बघू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दहा मिनिटांनी काका बाहेर आले, मग पुढच्या सीटखाली डोकं घालून बराच वेळ काहीतरी हुंगत राहिले.

"नव्या गाडीच्या स्क्रूला गंज कसा?" ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

त्या श्रावणात विश्वामित्री नदीला पूर आला होता. शोरूमचं गोडाऊन नदीच्या बाजूला, खोलगट जागेत होतं. काय झालं असेल ते माझ्याही लक्षात आलं आणि माझं डोकं तापलं. मी मॅनेजरच्या केबिनकडे निघालो. काका मात्र मागच्या शेडमध्ये गेले, म्हणून मीही त्यांच्यामागे गेलो. तिथे एक मिस्त्री चहा पीत होता.

"ही सफाई तमे करी?" काकांनी विचारलं. आवाजात राग औषधालाही नव्हता. "मी तीस वर्षं डबे पास केले, पण इतकं साफ काम पाहिलं नाही. वास कसा घालवला?"

मिस्त्रीने चहाचा पेला खाली ठेवला. मग त्याचा चेहराच खुलला. एवढी मेहनत केली आणि ती कुणाला दिसू नये हीच ज्याच्या कामाची अट, त्याला इतक्या दिवसांनी पहिल्यांदा कोणी शाबासकी देत होतं. सीटा कशा काढल्या, फोम कसा बदलला, गालिचे किती दिवस उन्हात टाकले, सगळं त्याने हौसेने सांगितलं. शेवटी हळूच म्हणाला, "काका, पट्टा रही गया. पूरो खेंचजो." सीटचे पट्टे धुवायचे राहून गेले होते, ते पूर्ण ओढून बघा म्हणत होता.

"चला, त्याच्या तोंडूनच वदवू मॅनेजरसमोर," शेडबाहेर येताच मी म्हणालो.

काकांनी माझं मनगट धरलं. "त्याचं नाव काढायचं नाही. त्याची नोकरी जाईल. कुठे बघायचं ते कळलं ना? मग आपण बघू."

त्यांनी मॅनेजरला बोलावून आणलं, ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट ओढत राहिले. पट्टा काळा, काळा, काळा येत गेला आणि शेवटचा हातभर तुकडा मातकट आला. वाळलेला गाळ काकांच्या लेंग्यावर पडला.

"हे काय असेल हो?" काकांनी खऱ्याखुऱ्या कुतूहलाने विचारलं.

मॅनेजरने आम्हाला केबिनमध्ये नेलं, थंड पेय मागवलं. वरच्या गच्चीवर ठेवलेली, पाणी न लागलेली दुसरी गाडी लगेच देतो म्हणाला. अट एकच, ह्याची वाच्यता नको. मी चटकन हात मिळवला. काकांनी फक्त पाणी प्यायलं.

दुसरी गाडी काकांनी अर्धा तास तपासून पास केली. पूजा झाली. आई मागच्या सीटवर बसली, खिडकीची काच स्वतः खाली केली आणि लहान मुलीसारखी बाहेर बघायला लागली. तेवढ्यात शोरूमच्या दुसऱ्या टोकाला मला आमची मघाची गाडी दिसली. तिला हार घातला होता. शेजारी एक जोडपं उभं होतं आणि चणिया-चोळीतल्या दोन मुली बॉनेटभोवती नाचत होत्या. पुजारी अजून यायचा होता.

काका तिकडे चालू लागले.

मॅनेजर धावत माझ्या खिडकीशी आला. "साहेब, आपणी वात थई हती ने? काकाने बोलावी लो. नहीं तो आ गाडी पण पाछी मुको." काकांना परत बोलावलं नाही तर ही गाडीही मिळणार नव्हती.

माझ्यासमोर गाडीचे अजून हातात न आलेले कागद होते, पाच महिन्यांनी बाहेर पडलेली आई होती. मी त्याला म्हणालो, "ते आमचे कोणी नाहीत. नुसते शेजारी आहेत." त्याच्या हातातले कागद घेतले आणि गाडी सुरू केली. फाटकातून वळताना आरशात दिसलं, काका त्या मुलींच्या बापाच्या हातात पट्ट्याचं टोक देत होते.

आईने दोनदा विचारलं, "जगताप कुठे राहिले?" मी काहीतरी सांगितलं. काका दुपारी दोनला बसने घरी आले.

काका गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात डॉक्टर त्यांना तपासायचे, तेव्हा तेच डॉक्टरांना दहा प्रश्न विचारायचे. पण त्यांची आठवण आली की मला दसऱ्यानंतरचा दिवस आठवतो. मी सकाळी त्यांच्या दारात गाडी उभी केली. फेरीला येतील की नाही, धाकधूक होती. ते आले, पुढच्या सीटवर बसले आणि इंजिनाच्या आवाजाकडे कान लावला.

गाडी वाघोडिया रस्त्याला लागली. मग विचारलं, "त्या लोकांनी घेतली का ती गाडी?"

"नाही घेतली. मुलींनी रडून धिंगाणा घातला. बाप मात्र माझे हात धरून उभा होता बराच वेळ."

"काका, काल मी तुम्हाला सोडून आलो. चुकलं माझं."

मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ दे रे, आईसाठी केलंस. काका समोरच्या रस्त्याकडे बघत होते.

"हो, चुकलंच," ते म्हणाले. "आता गिअर बदल. चढ आहे."