आधी सहावं रीळ, मग पाचवं

चॅनेलच्या कचेरीत त्याला सगळे घुबडराव म्हणत. शनिवारी मध्यरात्री लागणारे चक्रम सिनेमे तोच निवडायचा: रबरी राक्षसांचे, बोलक्या पुतळ्यांचे, दर प्रसंगाला नायकाची मिशी बदलणारे. शहाणा माणूस पाच मिनिटांत टीव्ही बंद करील असे. पण पाहणारे जीव टाकून पाहत. डबे उघडायचे, रिळं तपासायची, ओळीने यंत्रावर चढवायची, हे सगळं त्या एकट्याचं काम. इतक्या वर्षांत चूक म्हणाल तर एकच झाली, पण झाली ती अशी की विचारू नका.

त्याचा एकुलता एक मुलगा एकोणिसाव्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात गेला. महिन्याभराने घुबडराव कामावर आला, म्हणजे अंगाने आला. डोकं घरीच होतं. त्या शनिवारी एका तरुण खलाशाचा सिनेमा होता. पाचव्या रिळात खलाशी पावसात भिजून आईकडे येतो, सहाव्यात समुद्रात बुडतो, आणि सिनेमा संपतो. घुबडरावाने आधी सहावं लावलं. पोरगा बुडाला, ‘समाप्त’ची पाटी झळकली. मग पाचवं लागलं, आणि बुडालेला पोरगा दार ढकलून ओलाचिंब आत आला. म्हणाला, “आई, भूक लागलीय.”

घुबडरावाने डब्यांवरचे आकडे पाहिले, तेव्हा कुठे चूक ध्यानात आली. तेवढ्यात फोन वाजला. महिनाभर जिने तोंडातून शब्द काढला नव्हता, ती बायको बोलत होती.

“अहो, आला हो तो! बघितलंत का?”

“बघितलं,” तो म्हणाला. ओठांवर आलेलं खरं त्याने गिळलं.

साहेब त्याला काढून टाकायच्या बेतात होते. पण प्रेक्षकांच्या पत्रांचा ढीग पडला. कुणी म्हणे हे मृत्यूला दिलेलं उत्तर, कुणी म्हणे असला शेवट जन्मात पाहिला नाही. मग काय, साहेबांनी पाठ थोपटली आणि सिनेमा दरवर्षी त्याच उलट्या क्रमाने लागू लागला. मित्रमंडळी घरोघरी जमून पाहत, भुकेचं वाक्य कोरसात म्हणत. घुबडरावाची बायको मात्र एकटीच पाही, केस नीट विंचरून, ताठ बसून. त्या एका रात्रीच्या आशेवर ती वर्ष काढते, हे तो जाणून होता. म्हणून डोळ्यांत तेल घालून तो ती चूक जपायचा.

अकराव्या वर्षी रिळं झिजली म्हणून वरच्या कचेरीने नवी स्वच्छ प्रत पाठवली. क्रम बरोबर केलेली. आता सगळं संगणकावरून लागायचं, तिथे कुणाचा हात पोचत नव्हता. घुबडरावाने नव्या साहेबिणीच्या हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

“काका, चूक किती वर्षं दाखवायची?” ती समजुतीने म्हणाली. तिचंही खोटं नव्हतं.

त्याने घरी फोन केला. “आज दुसराच सिनेमा आहे गं. तू झोप.” थाप मारता येत नसे त्याला, घाईने फोन ठेवला.

पहाटे तो घरी पोचला तेव्हा बायको बंद टीव्हीसमोर बसली होती.

“आज बुडाला तो,” ती म्हणाली. “पाटी आली, आणि पुढे काही नाही.”

“अगं, मी त्यांना सांगितलं होतं…”

“राहू द्या. दुसऱ्याच वर्षी कळलं होतं मला. समाप्तच्या पाटीनंतर कुठे सिनेमा असतो का? रिळं उलटसुलट लागली होती.”

“मग दरवर्षी बसायचीस कशाला?”

“तुम्ही लावत होतात म्हणून. म्हटलं, यांना तेवढाच आधार आहे, तर आपण कशाला मोडायचा?”

घुबडराव खुर्चीत बसला. इतकी वर्षं तो समजत होता की हे सगळं तिच्यासाठी चाललंय.

बायको जवळ आली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “त्याचे कपडे आता कुणाला तरी देऊन टाकू या का हो? चांगले आहेत अजून.”

“नको,” तो म्हणाला, आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. “एवढ्यात नको गं. आला तर घालेल काय?”