गुऱ्हाळातले कापडी बूट

पुण्याच्या शेतकी कॉलेजात दोन वर्षं काढून परतलो, तेव्हा मला गावात सगळंच चुकीचं दिसत होतं. पिंपळीला पाटाच्या पाण्यावर आमचा ऊस होता आणि मळ्यातच गुऱ्हाळ. चुलाणावरच्या मोठ्या काहिलीत रस उकळायचा. पाक झाला की आठ माणसं काहील उतरवून ओतायची, आणि सगळी अनवाणी. रसाच्या जागी चामडं न्यायचं नाही, हा रिवाज. त्यामुळे जो तो जीव मुठीत धरून, पाय मागे ठेवून काम करायचा. दिवसाला चार काहिलींच्या वर मजल जात नसे.

पाय झाकले तर काम वाढतं, हे मी कुठंसं वाचलं होतं आणि थोरल्या भावाला ऐकवूनही झालं होतं. पण त्यासाठी हवे ते उंच चामडी बूट आमचा गुळव्या चालू देणार नव्हता. साठीतला म्हातारा, काहील कधी उतरवायची हे फक्त त्याला कळायचं. आम्ही त्याला आबा म्हणायचो. मग मी शक्कल लढवली आणि इंदापूरच्या बाजारातून रबरी तळाचे कापडी बूट आणले. आता त्याला नाही म्हणता येईना.

“पाय दावणीला बांधल्यावानी वाटत्यात, धाकलं मालक,” तो म्हणाला. “पर तुमी आणलंय तर घालतो की.”

त्यानं घातले म्हणून सगळ्यांनी घातले. आठवड्यात काम पालटलं. विस्तव, चिपाडं, कशाचीच पर्वा न करता माणसं झपाझप चालू लागली. पाच काहिली होऊ लागल्या, मग सहा. काहील वेळेवर उतरायची, म्हणून गूळही उजळ निघाला. मी छाती काढून फिरत होतो. माणसं आता पाकाच्या अगदी जवळ उभी राहतात हे मला दिसत होतं, आणि त्याचाच मला आनंद होत होता.

एका दुपारी ओतताना काहील कलली. पूर्वी आबा एक पाऊल मागे असायचा. त्या दिवशी नव्हता. पाक त्याच्या बुटांवर सांडला. अनवाणी असता तर शेजारच्या पाण्याच्या हौदात पाय बुडवताच पाक धुऊन निघाला असता, थोडक्यात भागलं असतं. कापडानं तो पाक धरून ठेवला. नाडीची गाठ मला सुटेना. बूट निघाले ते कातडीसकट. आबानं माझा खांदा घट्ट धरला होता.

बारामतीच्या डॉक्टरांनी पाय वाचवले, म्हणजे कापले नाहीत इतकंच. उभं राहणं संपलं, आणि काहिलीवर वाकून बघितल्याशिवाय पाक कळत नाही, म्हणून आबाचं काम सुटलं. उरलेले बूट भावानं चुलाणात टाकले. माणसं पुन्हा अनवाणी, पुन्हा चार काहिली. चूक बूट घालण्यात नव्हती, मी आणलेल्या हलक्या कापडी बुटांत होती, हे सांगायला मला तोंड उरलं नव्हतं.

पुढच्या हंगामात आबाला भेटायला गेलो. तो खाटेवर बसून होता.

“माजा लेक तुमच्या काहिलीवर लागलाय,” तो म्हणाला. “त्याला बूट आणा. कापडाचं नगं, उंच चामड्याचं. रिवाजाचं मी बघतो.”

आणतो म्हणालो. घरी आल्यावर भावापुढे बुटाचं नाव काढायची माझी हिंमत झाली नाही. तो हंगाम संपेपर्यंत आबाचा लेक अनवाणीच काहील उतरवत होता, आणि मी लांब उभा राहून त्याच्या पायांकडे बघत होतो.