सहाच्या आत फोन नको

ज्ञानदेवला गल्लीत टॉवर म्हणत. उंचीमुळं नव्हे, उंचीनं तो बेताचाच. भोसरीतली कंपनी बंद पडल्यावर तो घरी बसला आणि पोरीच्या लॅपटॉपला नेट पुरवणं हीच त्याची ड्युटी झाली, म्हणून टॉवर.

पिंपळे गुरवात तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या, वर गच्ची. पोरगी आम्रपाली घरबसल्या एका विमा कंपनीचं काम करायची, गिऱ्हाइकांच्या तक्रारी लॅपटॉपवर ऐकून घ्यायच्या. गल्ली गटारासाठी खोदून ठेवलेली. केबलवाला म्हणायचा, "खड्डे बुजू द्या काका, मग वायर टाकतो." खड्डे काही बुजत नव्हते. आम्रपालीच्या सिमला खोलीत रेंजच नाही. बापाच्या सिमला होती, पण ती गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या कडेला. तिथं त्याचा फोन ठेवून हॉटस्पॉट लावला की खाली लॅपटॉप झकास चालायचा.

फोन ठेवून खाली यावं म्हटलं तर तेही जमायचं नाही. उन्हानं फोन तापला की हॉटस्पॉट आपोआप बंद. मग हा पालथ्या बादलीवर बसायचा आणि फोनवर छत्री धरायचा. स्वतःचं टक्कल उन्हात, फोन सावलीत.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला नवाब त्याचा जुना दोस्त. दुपारचा चहा दोघं मिळून प्यायचे, तो आता सुटलाच होता. नवाब खालून ओरडायचा, "अरे टॉवर, पोरगी नांदायला गेली की सासरच्या गच्चीवर पण तुलाच बसवणार का?"

"बशीन की! हुंडा न्हाई देणार, नेट देईन!" हा वरून.

त्या फोनची एक खोड होती. कुणाचा कॉल वाजू लागला की नेट तुटायचं. मग कॉल कापला तरी लॅपटॉप पुन्हा जोडून घ्यायला वेळ खायचा, तोवर तिकडं गिऱ्हाईक गायब आणि साहेबाचा मेसेज हजर.

एकदा गिरजाबाईचाच फोन आला. गिरजाबाई म्हणजे ज्ञानदेवची बायको. चाकणला एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायला जायची. पहाटे नाशिक फाट्यावरून गाडी, परतायला दिवेलागण. जवळ साधा बटणांचा फोन. त्या दिवशी तिनं सहज विचारायला केला होता, येताना मेथी आणू का शेपू. इकडं आम्रपालीचं नेट तुटलं आणि बिचारीला सगळ्यांदेखत बोलणी बसली. संध्याकाळी पोरगी आईला काही बोलली नाही, पण न जेवता झोपली. गिरजाबाईच्या ते काळजाला लागलं.

दुसऱ्या दिवशी तिनंच कायदा केला. नणंदेला, भावाला, भिशीतल्या बायांना, सगळ्यांना फोन करून बजावलं, "सहाच्या आत आमच्या ह्यांना फोन करायचा न्हाई. पोरीचं काम चालू आसतंय." नवाबला तर दारात जाऊन दम दिला.

"भाभी, गॅरेजला आग लागली तर?"

"पानी मार. फोन नगं मारू."

कायदा पक्का बसला. दिवसभर फोन मुका राहायचा. कंपन्यांचे, कर्जवाल्यांचे कॉल कधी आलेच तर ज्ञानदेवचा अंगठा तयारच असायचा, वाजायच्या आत लाल बटण.

मग आम्रपालीला कायम करायची मुलाखत ठरली. दुपारनंतर, लॅपटॉपवरच. पहाटे निघताना गिरजाबाईनं पोरीच्या तोंडावरून हात फिरवला आणि नवऱ्याला म्हणाली, "आज बादलीवरनं हालू नगा. मुतायला जायाचं आसंल तर आधीच जाऊन या."

"व्हय, सायेब," ज्ञानदेव म्हणाला.

त्या दुपारी तो टाकीशी दगडासारखा बसला. छत्री धरून हात भरून आला, तो हात बदलत राहिला. एकही फोन आला नाही. त्याला फार बरं वाटलं. सहाच्या सुमारास आम्रपाली जिन्यातून पळत वर आली. "बाबा, झालं! छान झालं! एकदाही तुटलं नाही!" तिनं बापाच्या हातातली छत्री घेऊन मिटली. "आता आईला लावा ना फोन. मलाच सांगू द्या."

तेवढ्यात फोनच वाजला. गिरजाबाईचा नंबर.

"बघ, तिला दम न्हाई," म्हणत हसत त्यानं उचलला. पण पलीकडं शालनबाई होती, गिरजाबाईच्या शेजारच्या पाटावर लाटणारी. ती रडत होती. काय बोलतेय ते कळायला त्याला दोनदा विचारावं लागलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी शालनबाई चाकणहून आली. मेणबत्त्यांच्या पलीकडं गिरजाबाईचा फोटो होता. वंदना झाली, माणसं पांगली, मग शालनबाई आम्रपालीचा हात धरून बसली.

"दुपारची पंगत उठल्यापास्नंच तिच्या छातीत भरून आल्यावानी व्हत हुतं. घामानं भिजलेली. मी म्हनलं घरी फोन लाव, भावजी येतील, दवाखान्यात नेतील. तिनं कमरेचा फोन काढला, बघितला, परत खोचला. म्हनली, आत्ता पोरगी बसली आसंल. सहाला लावते. पित्ताचं हाय, जाईल. सोडा प्याली, पिठाच्या पोत्याला टेकून डोळं मिटलं. मला वाटलं, निजली." शालनबाईनं पदर तोंडाला लावला. "सहा वाजलं तसं मीच उठवाया गेले. म्हनलं, गिरजे, ऊठ, लाव आता फोन."

आम्रपाली बापाकडं वळली. "बाबा, तिनं करायचा ना. तुटलं असतं तर तुटलं असतं."

"मी उचलला असता का गं?" ज्ञानदेव फोटोकडं बघत म्हणाला. "अंगठा हितंच हुता माझा."



आम्रपाली कायम झाली. लगेच तिनं केबलवाल्याला गाठलं आणि उघड्या खड्ड्यांवरून, विजेच्या खांबाला गुंडाळत वायर घरात आणवली. नेट आता तुटत नाही. बादली न्हाणीघरात गेली, छत्री दारामागं. ज्ञानदेवचा फोन दिवसभर मोकळा असतो.

दुपारचा चहा पुन्हा सुरू झालाय. परवा गॅरेजच्या बाकड्यावर दोघं बसलेले, फोन वाजला. पहिल्या रिंगलाच ज्ञानदेवनं कानाला लावला. कुणी मुलगी क्रेडिट कार्डाबद्दल सांगत होती. हा, "व्हय... व्हय... बोला," करत राहिला. चहावर साय धरली.

"अरे, बँकवाली आहे ती. काट ना," नवाब म्हणाला आणि लाल बटण दाबायला त्यानंच हात पुढं केला.

ज्ञानदेवनं फोन दुसऱ्या कानाला नेला. "बोला बाई," तो म्हणाला. "ऐकतोय मी."