खरवईच्या गच्चीवर निवडलेली स्की

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी स्कीइंग शिकले. राहते बदलापूरला, खरवईच्या बाजूला. नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत, एका रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत. तोवर बर्फ पाहिला होता तो फ्रीजरमधलाच. एका मैत्रिणीने गुलमर्गच्या चौदा दिवसांच्या शिबिरात स्वतःबरोबर माझंही नाव घातलं आणि ऐन वेळी तिलाच जमलं नाही. मी एकटी गेले.

तिथे भाड्याने मिळालेली स्की माझ्या डोक्याच्या वर चार बोटं होती. पुरुषांची, जुनी, जड. हॉटेलपासून उतारापर्यंत खांद्यावरून नेतानाच धाप लागायची. वळायला गेले की मी एकीकडे आणि ती दुसरीकडे. तरी शेवटच्या दिवशी न पडता खाली आले आणि तिथेच ठरवलं, पुढच्या वर्षी यायचं ते स्वतःच्या स्की घेऊन.

माझी नणंद जर्मनीत असते. दिवाळीला येणार होती. म्हणाली, "वहिनी, एक जोडी आणते. पण एकच हं. कुठली ते तू सांग."

एकच जोडी म्हणजे ती सगळीकडे चालायला हवी. गुलमर्गला सकाळी बर्फ काचेसारखा कडक असतो, दुपारी त्याचा चिखल होतो आणि रात्रीतून पडला तर गुडघाभर भुसभुशीत. नणंदेने दुकानातूनच व्हिडिओ कॉल लावला. तिथल्या बाईंनी बायकांसाठी बनवलेल्या, डोंगरावर सगळीकडे चालणाऱ्या हलक्या स्की दाखवल्या. मधोमध फार अरुंद नको, फार रुंद नको, हे मला पटलं. अडलं ते लांबीवर आणि वजनावर. एकशे अठ्ठेचाळीस सेंटिमीटर घ्यायची की एकशे छप्पन्न? अगदी हलकी घ्यायची की किंचित जड? मला अर्थातच सगळ्यात हलकी हवी होती. आठवड्याची मुदत मागितली.

मुदत मागितली खरी, पण बदलापुरात स्की हातात घेऊन बघणार कुठे? नवऱ्याने भिंतीवर पेन्सिलीने दोन खुणा करून दिल्या. एक माझ्या हनुवटीच्या जराशी वर, दुसरी कपाळाशी. त्या खुणांकडे बघून काही कळेना. मग शनिवारी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेले. आमचं कपाट ज्यांनी केलं, त्या सिंधी काकांचं तिथे सुतारकामाचं छोटं वर्कशॉप आहे. त्यांना कागदावर आकृती काढून दाखवली.

"दीदी, ये दरवाजे की पट्टी है क्या?"

"नाही काका. पायाला बांधून बर्फावरून घसरायचं."

त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं. "आणि हे तुम्ही करणार?"

"मी करते."

"मग बराबर बनवायला पाहिजे," म्हणाले आणि प्लायवूड काढायला उठले.

त्यांनी दोन जोड्या कापल्या, एक छोटी, एक मोठी. माझे जुने फ्लोटर्स मागवून घेतले आणि स्क्रूने काढता-घालता येतील असे फळीवर बसवून दिले. मी म्हटलं, "प्लाय एकदम पातळ घ्या, हलकी पाहिजे." त्यांनी पातळ प्लायची एक लांब पट्टी घेतली, टोक टेबलावर दाबून धरलं आणि दुसरं टोक बोटाने उडवलं. पट्टी बराच वेळ थरथरत राहिली. मग तसंच जाड प्लायच्या पट्टीचं केलं. ती लगेच शांत झाली.

"दीदी, कडक जमिनीवर ही पातळ नाचणार. पाय सांभाळणार की फळी?"

लाकडाशी आयुष्य काढलेल्या माणसाचं ते म्हणणं मी ऐकलं. दोन्ही जोड्या जाड प्लायच्याच झाल्या.

रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या गच्चीवर प्रयोग केला. सतरंजी अंथरली, फळ्या पायात चढवल्या आणि एका जागी उभं राहून उलट्या दिशेला वळायला लागले, जसं उतारावर अडकल्यावर करतात. मोठ्या फळीचं टोक पहिल्याच वेळी पाण्याच्या पाइपवर आपटलं. दुसऱ्या वेळी मीच सतरंजीवर आपटले. पापड वाळत घालायला आलेल्या शेजारच्या वहिनी धावत आल्या.

"अहो, काय झालं? पायावर कसला उपचार चालू आहे का?"

"नाही हो, स्की निवडतेय."

त्यांनी पापड बाजूला ठेवले आणि कठड्याला टेकून बघत राहिल्या. छोटी जोडी चढवली तेव्हा मी वळले, परत वळले, चार वेळा वळले, कशाला धक्का न लावता. वहिनींनी निकाल दिला, "ही घ्या. हिच्यात तुम्ही माणसासारख्या दिसता." नवरा इतका हसला की त्याचा मोबाइल हातातून पडता पडता वाचला.

मग छोटी जोडी खांद्यावर घेऊन जिना चार वेळा चढले-उतरले. दम लागला, पण सोसवेल इतका. त्याच दुपारी नणंदेला फोन केला. "एकशे अठ्ठेचाळीस. आणि सगळ्यात हलकी नको, तिच्याहून एक पायरी जड."

"नक्की? तुला तर सगळ्यात हलकी हवी होती ना?"

"नक्की."

दिवाळीत फराळाच्या डब्यांच्या शेजारी ती लांब पिशवी हॉलमध्ये आडवी पडली होती. येणारा प्रत्येक जण आधी तिच्याबद्दल विचारायचा आणि मग चकली घ्यायचा.

फेब्रुवारीत गुलमर्गला पहिल्या सकाळी उतार कडक होता. मला भीती वाटत होती. पहिलं वळण घेतलं. कड बर्फात रुतली, स्की थरथरली नाही, मी म्हटलं तिकडे गेली. दुसरं घेतलं. खाली पोहोचले तेव्हा मी मोठ्याने बोलत होते, एकटीच, काय ते आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी नवा बर्फ पडला. दुपारी मळलेली वाट सोडून मी देवदारांच्या बाजूच्या मऊ पट्ट्यात शिरले. आदल्या वर्षी तिकडे बघायचंही धाडस नव्हतं. मधे एकदा पडले, कमरेपर्यंत आत गेले. उठायला वेळ लागला. कॉलरमधून बर्फ पाठीवर उतरत होता. झाडांवरून थोडा थोडा बर्फ सुटून खाली पडत होता, बाकी काही आवाज नव्हता. गॉगल पुसला, स्की परत पायात चढवल्या आणि उरलेला उतार सावकाश, प्रत्येक वळण मोजत उतरले. अठरा झाली.