वेठीचा फोटू

किस्से काय जमवायला लागत न्हाईत. गोचिडावानी असतात ते, आपोआप चिकटतात अन् रगत पिऊन फुगतात. मामासंगं दोन सालं फिरलो, तर माझ्या अंगावर जागा ऱ्हायली न्हाई. त्यातले पाचसहा उपटून दाखवतो. तुमाला हसू आलं तर हसा. मी मातर हसून ऱ्हायलो न्हाई!

मामा म्हंजे माझ्या मायचा धाकटा भाऊ, उद्धव. हिंगोलीत त्याचं फोटूचं दुकान. नवरा-नवरी, मुंजीतलं पोरगं, मेलेलं म्हातारं, सगळ्यांचे फोटू काढायचा. मंग समदं सोडलं अन् पेपरासाठी खरे फोटू काढायच्या मागं लागला. काहून लागला? तर माझ्या बापापायी.

आमचं गाव साखरा. तालुक्याच्या सरकारी साहेबाचा दौरा आला का शिपाई दारात हजर. "चलो, सामान उठाव!" पैसा न्हाई, भाकर न्हाई. हीच वेठ. सरकारनं ती कागदावर कवाच बंद केलेली. कागद साहेबाच्या पेटीत, अन् पेटी आमच्या डोक्यावर!

तशीच एक पेटी घेऊन माझा बाप नाल्यात पडला. कंबर मोडली. आमी वर अर्ज टाकला. लई दिवसांनी उर्दूत जवाब आला. मास्तरनं वाचून दाखवला. (ह्याच मास्तरनं मला चौथीतून हाकललेलं, खुर्चीत खाजकुइली टाकली म्हनून. आसो.) जवाब असा का, "वेठ बंद आहे. सबब तुमचा माणूस वेठीत पडलेला नाही."

बाप खाटंवरून म्हनला, "आसं व्हय? मंग मला उठवा की!"

*

बाप पडला तरी घरामागं एक मानूस द्यायचंच. मी पुढं झालो. शिपाई मला पाहून मागं सरकला. मागच्या दौऱ्यात साहेबाच्या गादीत मुंगळे मीच सोडलेले!

"ये शैतान नको. इसकी मां को लेव!"

घ्या! मुंगळे माझे अन् ओझं मायच्या डोक्यावर. त्या दिवशी मी पयल्यांदा रडलो. मामा आलेला होता. त्यानं मला गप केलं न्हाई. नुसता म्हनला, "सबूत पायजे ना त्याहिला? देतो सबूत. एक फोटू. बास!"

*

पयला डाव. मामानं रस्त्याच्या कडंला तीन पायाचा स्टँड लावला, वर मोठा पेटीचा क्यामेरा. वेठीचे लोक येऊन राहिले, कुनाच्या डोक्यावर गादी, कुनाच्या डोक्यावर खुर्ची. मामा काळ्या फडक्यात घुसला. लय झ्याक दिसून राहिलं होतं!

तेवढ्यात म्होरच्यानं क्यामेरा पाहिला. झालं! समद्याहिनं ओझी खाली ठेवली, तोंडं पुसली, मुंडासी नीट केली अन् हात गुडघ्यावर ठेवून वळीत बसले. शिपाई बी मधी येऊन बसला, मिशीला पीळ देत.

मामा फडक्यातून वरडला, "आरं, ओझं उचला की!"

एक म्हातारा चिडला. "जल्मात एकदा फोटू निघून राहिलाय, अन् त्यात बी ओझं? कसा मानूस हायेस रं तू!"

 

*

मंग मामानं सायकल इकली अन् हातातला बारका क्यामेरा आनला. मोठ्या लढाईचे दिवस, फिलम मिळंना, सोन्यावानी जपायची. पुसेगावच्या वाटंवर आमी तुरीत दडून बसलो. माय आली, डोक्यावर पेटी. शिपाई मागं लांब होता.

मामा तुरीतून हळूच म्हनला, "अक्का, थोडं मागं जा. पुन्ना चालत ये. तोंडावर सावली पडून राहिली."

माय थांबली. मागं गेली. पुन्ना आली.

"अक्का, अजून एक बार. जरा हळू चाल. फोटू हलतो."

मायनं पेटी उतरवली. तुरीत घुसली. मामाच्या डोक्यावर पेटी ठेवली अन् हातातून क्यामेरा हिसकून घेतला.

"चाल आता तू. म्या दाबते बटन. अन् तोंड कशाला वाकडं करतूस? हास की!"

तिनं खरंच दाबलं! त्या फोटूत मामाचं तोंड आसं आलं का त्यानं तो कुनालाच दाखवला न्हाई. पन त्यानंतर मायला "मागं जा" म्हनायची त्याची टाप झाली न्हाई.

*

पुढल्या दौऱ्यात फोटू निघाला चांगला. वेठीची लांबच लांब वळ, म्होरं माय. आपल्या संस्थानात असला फोटू कोन छापनार? सरहद्दीपल्याड, इंग्रजाच्या मुलखात, अकोल्याला न्यायचा ठरला. सरहद्दीच्या नाक्यावर एक जवान होता, हर पिशवीत हात घालायचा. मी पिशवीत खाली फोटूचा डबा ठेवला अन् वर खाजकुइलीच्या शेंगा.

"क्या है इसमें?"

"हात घालून पाहा की, हुजूर."

त्यानं कोपरापतूर घातला! मंग तो जो नाचला! आमी मोटारीत बसलो तरी नाचूनच राहिला होता. मामा नदी वलांडेपतूर हसला अन् मंग मला एक ठेवून दिली. "फोटूवर सांडली आसती तर?"

*

अकोल्याचा एडिटर लय गोड बोलला. चहा पाजला. आठ दिवसानं पेपर आला. आमी मास्तरकडून वाचून घेतला. फोटूत मायचं नुसतं तोंड! डोक्यावरची पेटी गायब. खाली लिवलेलं, "खेड्यातील कष्टाळू भगिनी."

मामा तसाच मोटारीनं परत अकोल्याला. मी संगं होतोच.

"पेटी कुठं गेली?"

एडिटर म्हनला, "जागा कमी होती हो. अन् वाचकांना चेहरे आवडतात."

मामा टेबलावर हात आपटून म्हनला, "तुमी मयताचा फोटू छापला, तर मयत कापून खांदेकरीच छापसान!"

एडिटरनं ते वाक्य लिवून घेतलं. म्हनला, "छान आहे. कुठंतरी वापरू."

*

आता शेवटचा. ही आयडिया माझी. मामानं साहेबाला सलाम ठोकला अन् मी शिकवलेलं बोलला. "हुजूर, वरचे मोठे साहेब असे फोटू काढतात. मागं जितकी मानसं, तितका साहेब मोठा."

साहेब फुगला. दोन गावं उपसून मानसं आनली. मधी साहेब खुर्चीत. मागं पेट्या, पलंग, कोंबड्यांचे खुराडे डोक्यावर घेतलेली वळ. माय अगदी साहेबाच्या खांद्यामागं, डोक्यावर साहेबाचं न्हायाचं घंगाळ. ह्या खेपंला ओझं कोनी खाली ठेवलं न्हाई. साहेबाचाच हुकूम! फोटू असा आला का घंगाळाचे पोचे मोजून घ्या. साहेबानं मोठा करून घेतला, फ्रेम केली अन् आपल्या कचेरीत खुर्चीच्या वर टांगला. खाली सोताची सही!

आमी तवाच दुसरा अर्ज टाकला. ह्या बारीला तपासनीला लांबून एक बडा साहेब आला. मायला आमच्या साहेबाच्या कचेरीतच बोलावलं. मामा, मी, दोघं दाराशी. मास्तर अर्ज वाचायला.

बडा साहेब म्हनला, "बेगार तो कब की बंद है. सबूत क्या है?"

 मायनं नुसतं बोट वर केलं.

बड्या साहेबानं मान वळवली. चष्मा लावला. उठला, फोटूपाशी गेला. एकेक तोंड पाहिलं. मायचं तोंड पाहिलं, मंग वळून मायकडं पाहिलं. आमचा साहेब पांढरा फट्ट! मामानं माझा हात दाबला, एवढा का बोटं मोडत व्हती.

"ये किसने निकाला?"

मामा छाती काढून पुढं झाला. "म्या, हुजूर."

बड्या साहेबानं चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला.

"परसों हमारा दौरा है पुसेगाव का," तो म्हनला. "हमारा बी ऐसाच निकालो." अन् शिपायाकडं वळून म्हनला, "आदमी इससे ज्यादा होना!"